लाल शाई

पाकीट फोडलं आणि कागद आधी बोटांनी वाचला.
सत्तर जीएसएम, पिवळसर. उजवी कड किंचित तिरकी,
आमच्या कटिंग मशीनचं पातं ओढतं, तशी.
मग चष्मा लावला. अंतिम सूचना.
‘सू’च्या उकाराखाली लाल ठिपका.
प्लेटवरचा तो डाग काढायचा राहून गेला होता,
म्हटलं होतं, कोण बघतंय.

खाली कॉम्प्युटरने भरलेलं:
श्री. मुकुंद त्र्यंबक भानोसे, घनकर गल्ली, नाशिक.
थकीत एक लाख बारा हजार चारशे.
सेकंडहँड ऑफसेटचं कर्ज,
लग्नपत्रिका मोबाइलवर जायला लागल्या
नेमक्या त्याच सालचं.

दोन हजार प्रती मीच काढल्या होत्या, एप्रिलात.
वसुली कंपनीचा गायधनी मशीनपाशी उभा राहून म्हणाला,
लाल जरा गडद करा हो काका,
बघताक्षणी धडकी भरली पाहिजे.
मी डब्यात बोटभर काळी कालवली.
भरली.

रोज दहा-पाचला फोन.
भानोसे सर, मी देवयानी बोलतेय.
सर्दी झालेला आवाज, मागे तसलेच वीस-पंचवीस,
तिन्हीसांजेला सीबीएसच्या झाडांवर साळुंक्या कलकलतात तसे.
ती पुढे काय म्हणणार, मला ठाऊक असतं.
ती पुस्तिकाही आमचीच, स्पायरल, छत्तीस पानी.
पान नऊ: ग्राहकाने आजारपण सांगितल्यास.
पान अकरा: ग्राहक रडू लागल्यास दहा सेकंद थांबावे.
एकदा मी नुसता चष्मा शोधत होतो
तर पलीकडे ती थांबलेली ऐकू आली.
म्हटलं, बाई, रडत नाहीये. पान उलटा.
बराच वेळ काही नाही. मग हळूच,
तुम्हाला कसं माहीत?

तेव्हा सांगितलं. बिल नंबर चारशे अठरा,
पत्रं, पाकिटं, पुस्तिका, जीएसटी धरून अडतीस हजार सहाशे,
तुमच्याच कंपनीकडे, सहा महिने.
सर, ते आमच्या डिपार्टमेंटला येत नाही.
हे वाक्य कुठल्याच पानावर नव्हतं.

रात्री सुलभा विचारते, आज कुठवर?
मी हात कमरेशी धरतो.
दुतोंड्या मारुतीवरून पाणी मोजणाऱ्या गावात
एवढं पुरतं.
एकदा छातीशी धरला,
तर पोळी तव्यावर टाकून ती आत गेली
आणि पाटल्या आणून ओट्यावर ठेवल्या.
पोळी करपली. पाटल्या अजून तिथेच आहेत, रुमालात,
मिठाच्या बरणीमागे. दोघंही त्यांच्याकडे बघत नाही.

मामा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होता.
गेटवर झडती देऊन घरी यायचा, जेवताना म्हणायचा,
आत असतो तोवर नुसता कागद रे.
बाहेर पडला की माणसाच्या अंगावर येतो.

गेल्या मंगळवारी गायधनी पुन्हा.
पाच हजार अंतिम सूचना, अर्जंट.
आणि जुन्या बिलाचं? होईल की, याच महिन्यात.
घेतलं काम. नाही कुणाच्या तोंडावर म्हणू?
पण रात्री डाग पुसून प्लेट चढवली
आणि पहिली प्रत बाजूला काढली.
रिकाम्या ओळीवर पेनाने त्यांच्याच कंपनीचं नाव,
पुढे रक्कम, अक्षरी आणि आकडी.
सकाळी कॅनडा कॉर्नरला, सुक्यामेव्याच्या दुकानावरचा जिना चढून
आवक खिडकीत दिली. पोचेवर शिक्का मागितला.
खिडकीतल्या पोराने न वाचताच मारला.

दुसऱ्या दिवशी दहा-पाच.
भानोसे सर, मी देवयानी. मग आवाज एकदम खाली:
तुमचं पत्र इथे सगळ्यांनी बघितलं.
या वेळी ‘सू’खाली ठिपका नाही.
आणि पुन्हा नेहमीचा, शिंक आवरत:
तर भरणा कधी करताय, सर?

मी दहा सेकंद थांबलो.
तीही.